फ्यूज बदलण्याआधी बल्ब जोडा : दीर्घकाळ उभ्या असलेल्या पद्मिनीतील शॉर्ट शोधण्याची पद्धत

चार-पाच पावसाळे एकाच जागी उभी राहिलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले, की बहुतेक जण सर्वप्रथम नवी बॅटरी आणतात, ती जोडतात आणि किल्ली फिरवून काय होते ते पाहतात. हा क्रम अत्यंत धोक्याचा आहे. पद्मिनीचे मूळ असलेल्या फियाट ११०० गाडीत, त्या काळातील बहुतेक गाड्यांप्रमाणेच, बॅटरीपासून सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत, जाणारी जाड केबल, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामो किंवा अल्टरनेटरकडून येणारी वायर आणि इग्निशनचा मार्ग यांना फ्यूजचे संरक्षण नाही. यांपैकी एखादी वायर उघडी पडून बॉडीला टेकलेली असेल, तर चांगली चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी त्या जागी काहीशे अँपिअर प्रवाह ओतू शकते. इतक्या प्रवाहाने बारीक वायर काही सेकंदांत लाल होते, तिचे आवरण वितळते आणि त्याच जुडीतील शेजारच्या वायरीही जळतात. जुन्या पेट्रोलचा वास भरलेल्या बंद गॅरेजमध्ये हे घडले, तर प्रश्न वायरिंगपुरता राहत नाही.

म्हणून या लेखातील सगळी पद्धत एकाच तत्त्वावर उभी आहे : दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडीला बॅटरीचा पूर्ण प्रवाह मिळूच द्यायचा नाही. त्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे इंडिकेटरचा २१ वॉटचा साधा बल्ब. उदाहरण म्हणून मी पद्मिनी घेतली आहे, कारण १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या आजही महाराष्ट्रात अनेक घरांच्या अंगणात आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत, आणि त्यांच्या वायरिंगमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसल्यामुळे धीर धरून काम करणारा कोणीही मालक हा शोध स्वतः घेऊ शकतो. अॅम्बेसेडर किंवा तिच्या काळातील इतर गाड्यांनाही हीच पद्धत लागू पडते.

शॉर्ट आहे की आणखी काही?

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेल्यावर विजेच्या प्रत्येक बिघाडाला सरसकट ‘शॉर्ट’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यात निदान चार वेगळे दोष मिसळलेले असतात आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी असते.

पहिला दोष म्हणजे खरा शॉर्ट. धन बाजूची वायर उपकरणापर्यंत पोहोचण्याआधीच बॉडीला टेकते आणि फ्यूज लगेच उडतो, किंवा फ्यूज नसेल तर वायर तापते. दुसरा दोष म्हणजे गळती. गाडी बंद असतानाही थोडा प्रवाह वाहत राहतो आणि काही दिवसांनी बॅटरी उतरलेली सापडते. तिसरा दोष म्हणजे तुटलेला मार्ग, ज्यात उपकरण चालत नाही पण फ्यूज शाबूत असतो. चौथा दोष म्हणजे खराब अर्थ (अर्थिंग), म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे प्रवाह परत नेणारी सदोष वाट, आणि दीर्घकाळ उभ्या गाड्यांत सर्वाधिक फसवणूक यामुळे होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थची पट्टी गंजून तुटलेली असेल, तर सेल्फ मारताना तो प्रचंड प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो. ती वाट अनेकदा चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल असते. केबल तापते, तिच्यातून धूर निघतो, आणि पाहणाऱ्याला डॅशबोर्डमागे शॉर्ट झाला असे वाटते. इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग दिवाही मंद उघडझाप करतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, ही लक्षणेदेखील अर्थचीच आहेत. अशा गाडीत धन बाजूच्या वायरी उकलत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे.

उडालेला फ्यूजही बरेच काही सांगतो. काचेच्या फ्यूजमध्ये काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर प्रवाह एकदम आणि खूप वाढला होता, म्हणजे खरा शॉर्ट होता. तार मध्येच शांतपणे वितळून तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर भार हळूहळू वाढला असावा, उदाहरणार्थ वायपरची मोटर जाम झाली असावी. पद्मिनीत दोन्ही टोकांना निमुळते, बाहेरून धातूची पातळ पट्टी बसवलेले सिरॅमिक फ्यूज असतात. त्यांची पट्टी उघडी असल्यामुळे दमट हवेत ती आणि तिला पकडणाऱ्या क्लिपा गंजतात, गंजलेल्या सांध्यात उष्णता निर्माण होते आणि फ्यूज टोकापाशी वितळतो. असा फ्यूज शॉर्ट नसतानाही जातो. त्या क्लिपा बारीक पॉलिश पेपरने घासून घट्ट केल्या, की दोष तिथेच संपतो.

साहित्य आणि खबरदारी

डिजिटल मल्टिमीटर हवा, शक्यतो १० अँपिअरची श्रेणी असलेला. २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब होल्डरसह घेऊन त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना दातेरी क्लिपा जोडाव्यात. असाच दुसरा संच ५ वॉटच्या बल्बचा करून ठेवावा. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवावा. मूळ पुस्तिका नसली तरी जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींकडे त्याच्या प्रती असतात. पाने, पक्कड, हाताळायला सोपा टॉर्च, चिकटपट्टी, पेन आणि वही एवढे पुरेसे आहे. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे. गाडी मोकळ्या हवेत ढकलून न्यावी, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती शोधून बंद करावी. पेट्रोलची गळती आणि विजेची ठिणगी यांचे काम एका दिवशी करू नये. हातातील अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, कारण पाना आणि अंगठी मिळून बॅटरीची दोन टोके जोडली गेली तर बोट भाजते.

बॅटरी काढताना बॉडीला जोडलेले टोक आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. पद्मिनीत ऋण टोक बॉडीला असते. मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या अनेक ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असे, म्हणून दुसरी कोणतीही गाडी असेल तर हे प्रत्यक्ष पाहून मगच पुढे जावे.

जुनी बॅटरी चाचणीसाठी वापरू नये. तिचे व्होल्टेज मात्र मोजावे, कारण कधी कधी सारा दोष तिच्यातच असतो. पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चार्ज करूनही ती १०.५ च्या जवळ अडकून राहिली, तर सहापैकी एक सेल आतून मेला आहे. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली ओली धूळसुद्धा प्रवाह वाहू देते. मल्टिमीटरचे एक टोक टर्मिनलला आणि दुसरे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला टेकवून काही व्होल्ट दिसले, तर तो माथा खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. हे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये.

डोळे आणि नाक

बॅटरी पूर्ण काढून ठेवल्यावर पहिला तास फक्त पाहण्यात घालवावा. या तासाला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण उभ्या गाडीतील बहुतांश शॉर्ट उपकरणाशिवाय दिसतात.

उभी गाडी उंदरांना आणि घुशींना सुरक्षित आसरा देते. मागच्या सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, एअर फिल्टरभोवती आणि डिकीच्या कोपऱ्यात कापूस, कागद, लेंड्या दिसल्या, की त्या जागेपासून हातभर अंतरातील प्रत्येक वायर बोटाने चाचपावी. कुरतडलेली वायर वरून शाबूत दिसते आणि खालच्या बाजूने तांबे उघडे असते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. त्यानंतर जिथे वायर पत्र्यातून आरपार जाते त्या सगळ्या जागा पाहाव्यात. तिथली ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या काठावरील रबरी कडी, उन्हाने कडक होऊन तुटतात, आणि पत्र्याची धार वायरच्या आवरणावर घासत राहते. इंजिन आणि केबिनमधला पत्र्याचा पडदा, हेडलाइटच्या मागची भोके, डिकीच्या बिजागराजवळची नंबरप्लेटच्या दिव्याची वायर आणि दाराच्या खांबातील आतल्या दिव्याचा स्विच, ही ठिकाणे सोडू नयेत. कार्पेट उचलून पाहावे. कोकणात किंवा मुंबईत उभ्या राहिलेल्या गाडीत कार्पेटखाली ओल हमखास असते आणि दाराच्या उंबऱ्यालगत मागे जाणारी जुडी त्या ओलीत पडून असते. स्टीअरिंगच्या दांड्यावरील डिपर आणि इंडिकेटरच्या वायरी दांडा फिरताना पिळल्या जातात, त्याही पाहाव्यात.

मग येतात नंतर जोडलेल्या वस्तू : कॅसेट प्लेअर, जादा हॉर्न, फॉग लाइट, चोरीचा अलार्म. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला प्रत्येक सांधा संशयित मानावा. उष्णतेने या टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते आणि पिळलेले उघडे तांबे हवेत लोंबत राहते. डायग्राममध्ये नसलेली प्रत्येक वायर तिच्या उगमापाशी सोडवून, टोकाला टेप लावून, चिठ्ठी बांधून बाजूला ठेवावी. केवळ एवढ्यानेही शॉर्ट नाहीसा झालेला दिसू शकतो.

प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, त्यामुळे चिठ्ठ्या बांधणे अनिवार्य आहे. अॅम्बेसेडरमध्ये लुकास या ब्रिटिश कंपनीची रंगपद्धत मदतीला येते : तपकिरी वायर थेट बॅटरीकडून आलेली आणि फ्यूजविना, पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यानंतर फ्यूजमधून गेलेली, लाल पार्किंग दिव्यांची, निळी हेडलाइटची आणि काळी अर्थची. तपकिरी वायर खरवडलेली दिसली, तर बाकी सगळे सोडून आधी तिच्याकडे वळावे.

बॅटरीशिवाय मोजणी

आता मल्टिमीटर रोधाच्या श्रेणीवर ठेवून त्याची दोन टोके एकमेकांना टेकवावीत. जो अर्धा-पाव ओहम दिसेल तो मीटरच्या वायरींचा रोध आहे, तो पुढील आकड्यांतून वजा करावा. मग सगळे स्विच बंद करून, सगळी दारे लावून, लाल टोक गाडीच्या धन केबलला आणि काळे टोक रंग खरवडलेल्या स्वच्छ बॉडीला लावावे. निर्दोष गाडीत रोध खूप मोठा दिसेल, किंवा मीटर मार्ग तुटलेला असल्याचे दाखवेल. शून्याजवळचा आकडा दिसला, तर शॉर्ट आहे असे वाटते, पण निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

थंड बल्बचा रोध तापलेल्या बल्बच्या सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो. २१ वॉटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे ७ ओहम असतो, थंड असताना एका ओहमपेक्षाही कमी दाखवतो. त्यामुळे ब्रेकचा स्विच अडकून राहिला असेल, तर मीटरला ते दोन बल्ब शॉर्टसारखेच दिसतात. दार उघडे राहिल्याने लागणारा आतला दिवा, वायपरची मोटर, इग्निशनची कॉइल या सगळ्यांचा रोध काही ओहमच असतो. म्हणून ज्या मार्गाचा संशय आहे त्यावरील बल्ब होल्डरमधून काढावेत, मोटारींच्या वायरी सोडाव्यात आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवावा. दारे उघडी ठेवून काम करायचे असेल, तर आतल्या दिव्याचा बल्ब आधीच काढून ठेवलेला बरा.

घरगुती वायरिंगचे इन्सुलेशन तपासण्यासाठी वापरला जाणारा ५०० व्होल्टचा मेगर गाडीला लावू नये. अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि रेडिओ त्याने जातात.

मीटरची एक मर्यादा आहे. तो फारच क्षीण प्रवाहाने मोजतो, त्यामुळे हादऱ्याने किंवा ओलीने अधूनमधून होणारा शॉर्ट त्याला सापडत नाही. तिथून पुढे बल्बच हवा.

मुख्य मार्गात बल्ब

चार्ज केलेली चांगली बॅटरी घ्यावी. तिचे ऋण टोक बॉडीला जोडावे, पण धन टोक केबलला न जोडता त्या दोहोंच्या मध्ये २१ वॉटचा बल्ब लावावा. आता गाडीत कितीही मोठा शॉर्ट असला, तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही, आणि एवढ्याने कोणतीही शाबूत वायर तापत नाही. बल्बने प्रवाहाला बांध घातलेला असतो आणि त्याच वेळी तो दोषाची खूणही दाखवत असतो.

सगळे स्विच बंद असताना बल्ब पूर्ण तेजाने लागला, तर मोठा शॉर्ट आहे. बल्ब मंद लागला, तर कुठेतरी काही ओहम रोधाचे उपकरण चालू राहिले आहे. बल्ब लागलाच नाही, तर मोठा शॉर्ट नाही, पण लहान गळती असू शकते, कारण ५ वॉटचा आतला दिवा या मार्गाने स्वतः लागतो आणि २१ वॉटचा बल्ब मात्र अंधाराच राहतो. अशा वेळी ५ वॉटचा संच लावून पुन्हा पाहावे.

बल्ब तेजाने पेटलेला असताना फ्यूज एकेक करून काढावेत. एखादा फ्यूज काढताच बल्ब विझला, तर दोष त्या फ्यूजच्या पुढच्या मार्गात आहे, आणि त्याचा शोध पुढील भागात सांगितल्याप्रमाणे घ्यावा. सगळे फ्यूज काढूनही बल्ब तसाच राहिला, तर दोष फ्यूज नसलेल्या भागात आहे. हाच सर्वांत धोकादायक प्रकार होय.

अशा वेळी सेल्फच्या जाड टर्मिनलवर येणाऱ्या वायरी वेगळ्या कराव्यात. त्याआधी बल्ब दरवेळी बॅटरीपासून सोडावा. फक्त जाड केबल आणि सेल्फ एवढेच जोडलेले असताना बल्ब लागला, तर केबल कुठेतरी इंजिनला किंवा एक्झॉस्टला टेकून वितळली आहे, किंवा सेल्फचे टर्मिनल आतून बॉडीला लागले आहे. तिथे बल्ब लागला नाही, तर बाकीच्या वायरी एकेक करून जोडत जाव्यात.

चार्जिंगची वायर जोडताच बल्ब पेटला, तर उत्तर गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर यावर ठरते. डायनामोच्या गाड्यांत बॅटरी आणि डायनामो यांच्यामध्ये कटआउट नावाचा आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच असतो. इंजिन बंद असताना त्याचे पॉइंट उघडे असले पाहिजेत. ते ठिणग्यांनी चिकटले, की बॅटरी उलट डायनामोला प्रवाह देत राहते, आणि डायनामोचा रोध इतका कमी असतो की बल्बला तो शॉर्टच भासतो. कटआउट ज्या डब्यात असतो त्या रेग्युलेटरचे झाकण उघडून पाहिल्यास चिकटलेले पॉइंट डोळ्यांनी दिसतात. अल्टरनेटरच्या गाडीत डायोड जळालेला असू शकतो. त्याची मुख्य वायर सोडवून मीटर डायोडच्या श्रेणीवर ठेवावा, लाल टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि काळे टोक मुख्य टर्मिनलला लावावे, म्हणजे साधारण एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. टोके उलट केली की मार्ग बंद दिसला पाहिजे. दोन्ही दिशांना मार्ग मोकळा असेल, तर डायोड गेले आहेत.

चार्जिंगचा मार्ग निर्दोष ठरला, की उरतात इग्निशन स्विचकडे जाणारी आणि लाइटच्या स्विचकडे जाणारी वायर. त्या डॅशबोर्डमागच्या टोकांना सोडवून पुन्हा बल्ब पाहावा. स्विच सोडवूनही बल्ब पेटत असेल, तर दोष त्या वायरीतच, बहुधा पडद्यातील भोकापाशी आहे.

किल्ली चालू करून तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असतील, तर कॉइलमधून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहणे हे तिचे नेहमीचे काम आहे आणि चाचणीचा बल्ब त्यामुळे पेटतो. पॉइंटमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवून हा मार्ग तात्पुरता तोडावा. कागद घालूनही कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला व्होल्टेज शून्यच राहिले, तर कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरणाऱ्या वायरीचे इन्सुलेशन गेले आहे. अशी गाडी सुरू होत नाही आणि फ्यूजही उडत नाही, म्हणून हा शॉर्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

फ्यूजच्या जागी बल्ब आणि मार्गाचे अर्धे-अर्धे तुकडे

दोष एका फ्यूजपुढे आहे हे कळले, की तो फ्यूज काढून त्याच्या दोन क्लिपांना बल्बच्या वायरी लावाव्यात आणि बॅटरी आता सरळ जोडावी. फ्यूज नसलेला भाग निर्दोष असल्याची खात्री झाल्याशिवाय मात्र हे करू नये.

पार्किंग दिव्यांचे उदाहरण घेऊ. या मार्गावर पुढचे दोन दिवे, मागचे दोन दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे असतात. सगळे बल्ब होल्डरमधून काढावेत आणि स्विच चालू करावा. चाचणीचा बल्ब तरीही पूर्ण पेटलेला आहे, म्हणजे वायर कुठेतरी टेकली आहे. आता टोकापासून एकेक जोड सोडत जाण्यापेक्षा मार्ग मध्यावर तोडावा. मागे जाणारी जुडी जिथे पुढच्या जुडीला जोडलेली असते, तिथला जोड सोडावा. बल्ब विझला, तर दोष मागच्या अर्ध्यात आहे. तो जोड पुन्हा लावून मागच्या भागातील मधला जोड सोडावा, म्हणजे डिकीच्या झाकणाकडे जाणारी वायर. पुन्हा विझला, तर उरते केवळ झाकणाची वायर आणि नंबरप्लेटचा होल्डर. अशा रीतीने तीन-चार पायऱ्यांत शोध हातभर वायरीपर्यंत येतो. होल्डर विसरू नये. गंजाने फुगलेल्या होल्डरमध्ये मधली पितळी टिकली कडेला टेकते आणि बल्ब काढलेला असतानाही शॉर्ट कायम राहतो.

बल्ब पेटलेला असतानाच एक सहकारी बल्बकडे पाहत बसवावा आणि स्वतः जुडी हळूहळू हलवत, वाकवत, दाबत जावे. ज्या जागी हात लागताच बल्ब लवलवतो, ती जागा दोषाच्या अगदी जवळ असते. हादऱ्याने होणारा शॉर्ट पकडण्याचा यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही. दारे आपटावीत, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे, गाडी स्प्रिंगवर दाबून सोडावी.

जुडी कार्पेटखाली किंवा पत्र्याच्या आत गेलेली असेल, तर होकायंत्राचा उपयोग होतो. चाचणीच्या बल्बच्या मार्गात इंडिकेटरचा फ्लॅशर जोडावा, म्हणजे प्रवाह थांबत थांबत वाहू लागतो. २१ वॉटच्या बल्बने फ्लॅशर चालला नाही, तर ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब वापरावा. त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, म्हणून वायर पार्किंग दिव्यांइतकी बारीक असेल तर तो थोडाच वेळ चालू ठेवावा. प्रवाह वाहणाऱ्या वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि जुडीवर ठेवलेल्या साध्या होकायंत्राची सुई प्रत्येक झोताला हलते. होकायंत्र जुडीवरून पुढे सरकवत गेले, की शॉर्टच्या जागेपलीकडे सुईची ही हालचाल थांबते, कारण तिथून प्रवाह बॉडीत उतरलेला असतो. लोखंडी पत्र्यामुळे सुई कुठेही वळून बसेल, पण तिने कोणती दिशा दाखवली याला महत्त्व नाही. झोताबरोबर ती हलते की नाही एवढेच पाहायचे. पत्रा न कापता आणि पूर्ण जुडी न उकलता दोषाची जागा सांगणारी ही पद्धत आजच्या गॅरेजमध्ये फारशी वापरली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

हॉर्नचा शॉर्ट वेगळा असतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नचे बटण परतीच्या बाजूला असते आणि ते दाबल्यावर वायर बॉडीला जोडली जाते. त्यामुळे स्टीअरिंगच्या दांड्यातील ही वायर खरवडली, तर फ्यूज उडत नाही, हॉर्न सतत वाजत राहतो. कोणीतरी कधीतरी हॉर्नची वायर उपटून ठेवलेली असेल, तर त्यामागे हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे.

गळतीची मोजणी

शॉर्ट दूर झाल्यावर मल्टिमीटर १० अँपिअरच्या श्रेणीवर ठेवून धन मार्गात जोडावा. या अवस्थेत सेल्फ मारू नये आणि हेडलाइट लावू नये, अन्यथा मीटरचा आतला फ्यूज जातो. घड्याळ आणि रेडिओ नसलेल्या पद्मिनीत हा आकडा शून्याजवळ असला पाहिजे. ५० मिलीअँपिअर गळती क्षुल्लक वाटते, पण ती दिवसाला १.२ अँपिअर-तास होते आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे सतरा दिवसांत निम्मी रिकामी करते. गळती असल्यास पुन्हा फ्यूज एकेक करून काढत आकडा कधी उतरतो ते पाहावे.

अर्थची तपासणी याच टप्प्यावर करावी. मीटर धन मार्गातून काढून बॅटरी सरळ जोडावी, मग मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावावे आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर इंजिनची अर्थ पट्टी किंवा बॅटरीची ऋण केबल बदलावी, आणि त्यांचे सांधे चकचकीत धातूपर्यंत घासून त्यावर पेट्रोलियम जेली लावावी.

दुरुस्ती

खरवडलेल्या जागेवर नुसती टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. आत तांबे काळे-हिरवे पडलेले असेल, तर स्वच्छ तांबे लागेपर्यंत वायर कापावी, त्याच रंगाचा आणि किमान तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडावा, सांधा डाग देऊन (सोल्डर करून) किंवा योग्य पक्कडीने दाबून पक्का करावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. ज्या कारणाने वायर खरवडली ते कारणही दूर केले पाहिजे, म्हणून पत्र्याच्या भोकात नवे ग्रोमेट बसवावे आणि जुडी क्लिपांनी बांधावी. आवरण सर्वत्र कडक होऊन वाकवताच तडकत असेल, तर तुकडे जोडण्यात अर्थ नाही. पूर्ण जुडी नव्याने बांधून घ्यावी. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर होल्डर, स्विच आणि ग्रोमेट शोधता येतात. जुन्या गाडीतून काढलेली वायरिंग मात्र विकत घेऊ नये, कारण तिचे वय आपल्या वायरिंगइतकेच असते.

फ्यूजच्या जागी चंदेरी कागद किंवा तांब्याची तार घातलेली आढळल्यास ती काढून योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. फियाटच्या पद्धतीच्या सिरॅमिक फ्यूजमध्ये पांढरा ८ अँपिअरचा आणि लाल १६ चा असतो. पांढऱ्याच्या जागी लाल घालणे हा उपाय नाही. अॅम्बेसेडरसारख्या गाड्यांत लुकासच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा आकडा तो उडण्याचा प्रवाह सांगतो, सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे १७ अँपिअर असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फ्यूजवर सतत प्रवाहाचा आकडा असल्यामुळे ३५ पाहून ३५ चाच घेतला, तर वायरचे संरक्षण निम्म्यावर येते.

मूळ रचनेत नसलेल्या दोन गोष्टी मी आवर्जून सुचवेन. बॅटरीपासून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या फ्यूजविना वायरीत, सेल्फची केबल वगळून, बॅटरीजवळ ३० ते ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज घालावा, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर तोडायचा स्विच बसवावा. दोन्ही गोष्टी पुढे कधीही काढता येतात, त्यामुळे गाडीच्या मूळपणाला बाधा येत नाही.

पुन्हा वीज देताना पहिल्यांदा बल्ब मध्ये ठेवूनच जोडणी करावी. बल्ब अंधारा राहिला, तर बॅटरी सरळ जोडावी, एकावेळी एकच फ्यूज बसवावा आणि त्या मार्गावरील प्रत्येक उपकरण चालवून पाहावे. ५५ वॉटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ९ अँपिअर घेतात. ते दहा मिनिटे चालू ठेवून स्विच, फ्यूजबॉक्स आणि जोड यांना हात लावून पाहावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथला सांधा खराब आहे. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडू नये. शेवटी गाडी पाण्याच्या पाइपने नीट भिजवावी, रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी ५ वॉटचा बल्ब मुख्य मार्गात लावून पुन्हा पाहावे. कोरड्या दिवशी न दिसलेली गळती या चाचणीत सापडते, आणि ती सापडली तर पुन्हा फ्यूज काढण्यापासून सुरुवात करावी.